सँपल अँड होल्ड म्हणजे रँडम मॉड्यूल नव्हे, आणि पावसाळ्यात सूर का घसरतो

पंचगंगा_पॅच | मंगळवार, रात्री १०:३५

मंडळी नमस्कार. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आपण जमतो तिथं दरवेळी कुणीतरी नवीन येतं, मॉड्युलर सिंथच्या (सुटी मॉड्यूलं केबलनं जोडायचा सिंथेसायझर) रॅककडं बोट दाखवून विचारतं हे काय, आणि आपल्यातलाच कोणीतरी सांगून टाकतो की हे सँपल अँड होल्ड, म्हणजे रँडम नोटा काढायचं मॉड्यूल. मला हे उत्तर पटत नाही म्हणून हा धागा. त्यात रँडम काही नसतं. आत आलेलं व्होल्टेज एका क्षणी पकडायचं आणि धरून ठेवायचं, एवढंच ते करतं. आपल्याकडं सूर व्होल्टेजवर ठरतो, म्हणून धरलेलं व्होल्टेज म्हणजे धरलेली नोट. जे काय रँडम वाटतं ते तुम्ही त्याच्या तोंडाला काय जोडलंय त्यातनं येतं. हे एकदा डोक्यात बसलं की मॉड्यूल लई उपयोगी पडतं, नाहीतर लोक नॉईज (नुसता खरखरीचा सिग्नल) लावतात, टिंवटिंव ऐकतात, कंटाळतात आणि विकायला काढतात.

तर बघा. तीन जॅक असतात, इन, ट्रिगर आणि आऊट. इनला काहीतरी हलतं व्होल्टेज द्यायचं, ट्रिगरला क्लॉक, म्हणजे ठराविक वेळानं पल्स देणारा सिग्नल. क्लॉकचा पल्स खालून वर चढला रे चढला की त्या क्षणी इनवर जेवढं व्होल्टेज असेल तेवढं आऊटवर येतं आणि तिथंच थांबतं. मग इनवर काहीही होऊदे, पुढचा पल्स येईपर्यंत आऊट हलत नाही. म्हणून स्कोपवर बघितलं की पायऱ्या दिसतात.

आतला मामला अगदी थोडका आहे. बफर, स्विच, कपॅसिटर, परत बफर. पहिला बफर इनच्या व्होल्टेजमागं करंटची ताकद उभी करतो, कारण कपॅसिटर झटकन भरायचा तर करंट लागतो. स्विच म्हणजे एखादा जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) नाहीतर सीमॉस स्विच, एरवी तुटलेला. ट्रिगर आला की एक छोटा कपॅसिटर आणि रेझिस्टर त्याचा अगदी अरुंद पल्स करतात, तेवढ्यापुरता स्विच जोडला जातो, कपॅसिटर इनच्या व्होल्टेजला भरतो, स्विच तुटतो, आणि चार्जला जायला वाट नाही म्हणून तो तिथंच राहतो. दुसरा बफर ते व्होल्टेज फक्त वाचतो, त्यातला करंट जवळजवळ ओढत नाही.

वेळ किती लागतो? सीडी४०६६ ह्या सीमॉस स्विचच्या आयसीचा रेझिस्टन्स १५ व्होल्टला साधारण १२५ ओहम. होल्डचा कपॅसिटर १० नॅनोफॅरड धरला तर टाईम कॉन्स्टंट (दोघांचा गुणाकार, भरायच्या वेळेचं माप) सव्वा मायक्रोसेकंद. त्याच्या दहापट, म्हणजे साडेबारा मायक्रोसेकंदात, कपॅसिटर ०.००५ टक्क्याच्या आत पोचतो. एक मिलिसेकंदाचा पल्स दिला तर निवांत. पण ४०६६ सरळ युरोरॅकच्या (आपल्या मॉड्यूलांचा ठरलेला साचा) सप्लायवर लावू नका, उणे १२ ते अधिक १२ म्हणजे २४ व्होल्ट होतात आणि त्या आयसीची कमाल मर्यादाच २० आहे.

आता रँडमची समजूत आली कुठून? माझ्या मते वायरिंगमधनं. एआरपी २६०० हा सिंथ आला १९७१ ला, त्याच्या सँपल अँड होल्डच्या इनला आतूनच नॉईज जोडलेला होता. म्युटेबल कंपनीच्या किंक्स मॉड्यूलमधे पण इन मोकळा ठेवला तर नॉईजच जातो. म्हणजे केबल न लावता जे पहिलं ऐकू येतं ते रँडम, आणि मग तीच त्याची ओळख होऊन बसते.

तुम्ही इनला काय काय लावता ते लिहा. माझं पुढच्या पोस्टमधे लिहितो, आता कपॅसिटरपाशी थांबतो.

कळंबा_कॉलेज | मंगळवार, रात्री ११:२०

दादा भारी लिहिलंय. एक शंका आहे, ट्रिगर ऐवजी मी लांब गेट दिला, समजा अर्धा सेकंद बटण दाबून धरलं, तर त्या अर्ध्या सेकंदात आऊट इनच्या मागं मागं फिरणार का एकदाच पकडणार? माझ्याकडं हार्डवेअर नाही, व्हीसीव्ही रॅकवर (कॉम्प्युटरवरचा मॉड्युलर सिंथ) शिकतोय.

पंचगंगा_पॅच | मंगळवार, रात्री ११:४१

एकदाच पकडणार, कारण आत तो अरुंद पल्स करणारा भाग आहे, त्याला फक्त चढती कड दिसते. तो भाग काढून टाकला आणि गेट सरळ स्विचला दिला तर तू म्हणतोस तसं होतं, गेट वर आहे तोवर आऊट इनच्या मागं फिरतं आणि गेट खाली आला की शेवटचं व्होल्टेज गोठतं. त्याला ट्रॅक अँड होल्ड म्हणतात. डोएफर कंपनीच्या ए-१४८ मॉड्यूलच्या नव्या आवृत्तीत मागं जंपर आहे, तो बदलून दोन्हीपैकी जे पाहिजे ते करता येतं. ट्रॅक अँड होल्डला लोक फार विचारत नाहीत पण एलएफओचा (सावकाश चालणारा ऑसिलेटर) कंप गेटभर चालू ठेवून मधेच गोठवायचा असेल तर त्यासारखं काही नाही, फिल्टरवर लावून बघ. आणि व्हीसीव्ही रॅकवर शिकतोयस त्यात काही कमी नाही रे, फुकट आहे आणि तत्त्व तेच.

जुना_कीबोर्ड | बुधवार, सकाळी ६:५०

धागा वाचून बरं वाटलं. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो, त्यामुळं एक वेगळी बाजू सांगतो. ही सर्किटं रँडमसाठी जन्माला आलेलीच नाहीत. मिनीमूगसारख्या १९७० च्या सुमाराच्या मोनो (एका वेळी एकच सूर) सिंथमधे कीबोर्ड म्हणजे रेझिस्टरची माळ, की दाबली की त्या जागचं व्होल्टेज मिळतं. आता बोट उचललं आणि आवाज अजून विरतोय, तेवढ्यात पिच कुठं जाणार? ते धरून ठेवायला आत कपॅसिटर आणि बफर असायचा. म्हणजे बहुतेक जुन्या मोनो कीबोर्डच्या पोटात एक होल्ड होताच, फक्त त्याला बाहेर जॅक नव्हता.

प्रॉफेट-५ हा सिंथ आला १९७८ ला. त्यात मायक्रोप्रोसेसर. पण डिजिटलमधनं व्होल्टेज करणारा भाग महाग, प्रत्येक नॉबला एक ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एकच ठेवला आणि तो एकेका कपॅसिटरला व्होल्टेज वाटत फिरतो, कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलप, सगळ्यांना, आणि घसरायच्या आत परत पहिल्यापाशी येतो. पाच आवाजांचा सिंथ त्या धरून ठेवण्यावर उभा होता.

आणि हे सगळं परदेशातलंच असं कुणी समजू नये. अहमदाबादच्या एनआयडी ह्या डिझाईनच्या संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग मॉड्युलरचा स्टुडिओ उभा केला आणि आपल्या लोकांनी त्यावर काम केलं. हे आपल्याकडच्या पोरांना माहीत पाहिजे.

इचल_लूम | बुधवार, दुपारी १:१५

काका, दादा, माझा प्रॉब्लेम ह्याच धाग्यात टाकतो. झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांचा बोर्ड) स्वतः बनवलेलं सँपल अँड होल्ड आहे, जे११२ जेफेट, १० नॅनोचा पॉलिस्टरचा कपॅसिटर, बफरला टीएल०७२ आयसी. उन्हाळ्यात एकदम फिट्ट चालत होतं. पाऊस लागल्यापासून नोट धरली की सूर खाली सरकत जातो, सावकाश क्लॉक असला तर दोन ठोक्यांच्या मधी नोट चक्क बेसुरी होते. ऑसिलेटर तपासला तो ठीक आहे, सप्लाय ठीक आहे. टीएल०७२ बदलला, काही फरक नाही. आता राधानगरी धरणाचे दरवाजे उघडायची वेळ आली, हवा अशीच दमट राहणार, म्हणजे दिवाळीपर्यंत वाजवायचंच नाही का?

सोल्डर_उद्यमनगर | बुधवार, रात्री ९:०५

वाजवायचं की, का नाही. भावा तू आयसी बदलायच्या आधी थोडं गणित कर म्हणजे चोर कुठं आहे ते कळतं.

कपॅसिटरमधनं जेवढा करंट गळतो त्याला कपॅसिटरनं भागायचं, म्हणजे सेकंदाला किती व्होल्ट घसरतं ते येतं. आपल्या १ व्होल्टला एक सप्तक ह्या हिशोबात एक सेमीटोन म्हणजे ८३ मिलिव्होल्ट, एक सेंट म्हणजे ०.८३ मिलिव्होल्ट. टीएल०७२ च्या इनपुटचा करंट डेटाशीटमधे टिपिकल ६५ पिकोॲम्प. वरखाली धरून १०० पिको घे. १० नॅनोवर सेकंदाला १० मिलिव्होल्ट, म्हणजे १२ सेंट. ऐकू येईल, पण सेमीटोन जायला आठ सेकंद लागतील. तुझं त्याच्यापेक्षा लई जोरात चाललंय, म्हणजे आयसीचा दोष नाही, बोर्डाचा आहे. दमट हवेत बोर्डावर जिथं जिथं सोल्डरिंगची पेस्ट राहिलीय तिथं ती पाणी ओढते आणि दोन टाक्यांच्या (सोल्डरच्या जोडांच्या) मधी रेझिस्टर तयार होतो. तो १ गिगाओहम असला तरी आपल्या बाकी सर्किटांना त्याचं काही नाही, पण इथं? ५ व्होल्टच्या फरकाला ५ नॅनोॲम्प, १० नॅनोफॅरडवर सेकंदाला अर्धा व्होल्ट, म्हणजे सेकंदात अर्धं सप्तक!

आता करायचं काय ते सांगतो, आणि हे क्रमानं कर. आधी गळती कुठल्या दिशेला आहे ते बघ. मल्टिमीटर आऊटवर लाव, कपॅसिटरवर थेट लावू नको, मीटर १० मेगाओहमचा असतो, त्यानंच कपॅसिटर डोळ्यादेखत रिकामा होईल. इनला अधिक ३ व्होल्ट दे, एक ट्रिगर दे, मग ट्रिगर बंद. घसरण बघ. मग इनचं व्होल्टेज बदलून उणे ३ कर, ट्रिगर न देता, आणि परत घसरण बघ. मग हेच सगळं उणे ३ धरून कर.

दोन्हीकडनं शून्याकडं येत असेल तर गळती ग्राउंडला आहे, कपॅसिटर स्वतः किंवा त्याच्या दोन पायांमधला बोर्ड. इनचं व्होल्टेज बदललं की घसरायची दिशा बदलत असेल तर स्विच गळतोय, म्हणजे जेफेट नीट बंद होत नाही किंवा त्याच्या ड्रेन आणि सोर्स ह्या दोन पायांच्या मधी घाण आहे. आणि काहीही धरलं तरी एकाच बाजूला, म्हणजे कायम खाली किंवा कायम वर जात असेल तर सप्लायची कुठलीतरी लाईन त्या टाक्याच्या शेजारनं गेलीय. करून सांग.

इचल_लूम | बुधवार, रात्री ११:५०

केलं. ३ धरलं तरी खाली, उणे ३ धरलं तरी आणखी खाली. इन बदलून काही फरक पडत नाही. सेकंदाला साधारण दीडशे मिलिव्होल्ट.

सोल्डर_उद्यमनगर | गुरुवार, सकाळी ८:१०

सापडलं. आता टीएल०७२ ची पिनांची रचना समोर घे. तू होल्डचा टाका पिन ३ ला दिलायस ना? बघ, पिन ३ च्या शेजारी पिन ४, आणि पिन ४ म्हणजे उणे १२. तू धरलेलं २-३ व्होल्ट आणि शेजारी उणे १२, मधी अडीच मिलिमीटरची जागा आणि त्यात पेस्ट. १४ व्होल्टचा फरक आणि १० गिगाओहम धरलास तरी १.४ नॅनोॲम्प, म्हणजे सेकंदाला १४० मिलिव्होल्ट. तुझाच आकडा आला की नाही. जेफेटचं गेट (त्याला चालू-बंद करणारा पाय) पण बंद असताना उणे १२ कडंच ओढलेलं असतं, त्याचा टाका शेजारी असेल तर तो पण त्यात भर घालतोय.

उपाय. आयसीतला दुसरा अर्धा भाग वापर. पिन ५ ला होल्ड दे. पिन ५ कोपऱ्यात आहे, त्याच्या शेजारी फक्त पिन ६, आणि बफरमधे पिन ६ ही आऊटलाच जोडलेली असते, म्हणजे शेजाऱ्याचं व्होल्टेज कायम होल्डएवढंच. व्होल्टेजचा फरकच नाही म्हटल्यावर दमट असूदे नाहीतर भिजलेलं असूदे, करंट वाहणार कशाला? महागड्या बोर्डावर होल्डच्या टाक्याभोवती तांब्याचं रिंगण काढून ते आऊटला जोडतात, त्याच्यामागं हेच आहे. झिरो पीसीबीवर रिंगण काढणं अवघड, तिथं दुसरी पद्धत, जेफेटचा पाय, कपॅसिटरचा पाय आणि आयसीची पिन हे तिघं बोर्डाला न टेकवता हवेत एकमेकाला जोडायचे. दिसायला ओबडधोबड पण हवेसारखा इन्सुलेटर नाही.

आणि पेस्ट धुऊन काढ. थिनर नको, प्लास्टिकला चिकट करतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश, घासून झालं की परत स्वच्छ अल्कोहोलनं धू, नाहीतर घाण नुसती पसरते. मग ड्रायरनं वाळव. वाळवल्या वाळवल्या मोजू नको, जेफेटची स्वतःची गळती तापमान दहा अंश वाढलं की साधारण दुप्पट होते, गार होऊदे मग मोज. वाळल्यावर सुकं असतानाच वरनं कोटिंगचा स्प्रे मार.

कपॅसिटरबद्दल. पॉलिस्टर चालतो पण पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरिन मिळाला तर तोच घाल. गळतीचा प्रश्न नाही, दुसरा आहे. कपॅसिटर आधीचं व्होल्टेज थोडं लक्षात ठेवतो, मोठी उडी मारली की नवी नोट जुन्या नोटेकडं जराशी सरकते. साध्या सिरॅमिकमधे हे पॉलिस्टरपेक्षाही वाईट, पॉलिप्रॉपिलीनमधे अगदी नगण्य.

कळंबा_कॉलेज | गुरुवार, सकाळी १०:३०

काका मग कपॅसिटर मोठाच घालायचा ना, १०० नॅनो, घसरण दहापट कमी होईल. आणि तुम्ही मायक्रोकंट्रोलर का नाही वापरत, त्यात घसरणच नाही.

सोल्डर_उद्यमनगर | गुरुवार, दुपारी २:४५

नोटांसाठी १०० नॅनो घाल की. उलट आणखी एक फायदा, स्विच तुटताना गेटमधनं थोडा चार्ज कपॅसिटरवर उडतो, समजा १० पिकोकूलॉम, तर १ नॅनोवर १० मिलिव्होल्टचा धक्का बसतो, १० नॅनोवर १ मिलिव्होल्टचा, १०० वर तर कळणार पण नाही. पण भरायला दहापट वेळ लागणार. ठोक्याला नोट घ्यायची असेल तर काय फरक पडत नाही, ऑडिओच्या वेगानं सँपल करायचं असेल तर मग दोन पल्सच्या मधी २५ मायक्रोसेकंद सुद्धा मिळत नाहीत, तिथं १०० नॅनो भरणारच नाही नीट. कशासाठी बनवतोय ते आधी ठरवायचं. एकच आयसी पाहिजे असेल तर एलएफ३९८, बफर, स्विच, बफर सगळं आत, बाहेरनं फक्त कपॅसिटर लावायचा, १ मायक्रोफॅरडवर मिनिटाला ५ मिलिव्होल्टपर्यंत घसरण खाली येते असं डेटाशीट सांगते.

मायक्रोकंट्रोलर वाईट नाही. पण १२ बिटचा असला तर १० व्होल्टचे ४०९६ भाग, एक पायरी २.४ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळजवळ ३ सेंट. धरतो पक्कं पण धरतो थोडं चुकीचं. १६ बिटला प्रश्न मिटतो.

सूरपेटी | गुरुवार, रात्री १०:१५

मी गाणं शिकवते, इलेक्ट्रॉनिक्समधलं मला कळत नाही, पण मीटर नसलेल्यांसाठी एक सांगते. धरलेली नोट तानपुऱ्याच्या ॲपच्या षड्जाला मिळवा आणि नुसतं ऐका. जुळलेलं असेल तर आवाज स्थिर राहतो. घसरायला लागला की आस हलायला लागते, आधी सावकाश, मग भराभर. दोन-तीन सेंटचा फरक सुद्धा असा पकडता येतो, कानाला मीटरपेक्षा लवकर कळतं.

आता माझं म्हणणं. तुमच्यापैकी एकानं मागच्या महिन्यात क्वांटायझरमधे (व्होल्टेज जवळच्या स्वरावर बसवणारं मॉड्यूल) सा रे ग प ध एवढेच स्वर ठेवले, सँपल अँड होल्डला नॉईज लावला, आणि मला सांगितलं की ताई, हा भूप आहे. तो भूप नाही. तेच पाच स्वर देशकारात आहेत. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देशकारात धैवत, आणि चलन पूर्ण वेगळं. स्वर कुठल्या प्रमाणात येतात, कुठं थांबतात, कुणाकडनं कुणाकडं जातात, ह्यानं राग होतो. कोल्हापूर गायक उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांची कर्मभूमी आहे, देवल क्लबसारखी संगीताची संस्था आपल्या गावात आहे, इथं तरी कुणी पाच स्वर पिशवीत हलवून त्याला रागाचं नाव देऊ नये. तुमच्या कामाबद्दल मला कौतुक आहे म्हणूनच लिहिते.

पंचगंगा_पॅच | गुरुवार, रात्री ११:३०

ताई तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर ह्या धाग्यात मला जे म्हणायचं होतं तेच तुम्ही दुसऱ्या बाजूनं म्हटलंय. इनला काय लावतो त्यावर स्वरांचं प्रमाण ठरतं, मॉड्यूलवर नाही. त्यावर आता सविस्तर.

व्हाईट नॉईज बहुतेक वेळ शून्याच्या आसपास असतो, मोठ्या उड्या क्वचित. त्यामुळं मधले स्वर सारखे येतात आणि टोकाचे अधूनमधून. मधे कुठला स्वर बसवायचा ते नॉईजमधे एक स्थिर व्होल्टेज मिसळून ठरवता येतं. त्रिकोणी एलएफओ लावला तर सगळ्या व्होल्टेजवर तो सारखाच वेळ घालवतो, क्लॉकशी त्याचं नातं नसेल तर सगळे स्वर सारख्या प्रमाणात. साईन लावली तर ती वरच्या आणि खालच्या टोकाला रेंगाळते आणि मधनं भरकन जाते, म्हणून टोकाचे दोन स्वर सारखे ऐकू येतात. म्हणजे गंधारावर जास्त थांबायचं का धैवतावर हे केबल निवडतानाच ठरतं. चलन ह्यानं येत नाही हे कबूल, आणि त्याला भूप म्हणायचं नाही हेही कबूल, पाच स्वरांचा पॅच म्हणूया.

पण ह्यापेक्षा मला जास्त आवडतं ते क्लॉक आणि एलएफओचं नातं. क्लॉक सेकंदाला ८ वेळा, सॉ एलएफओ (चढत जाऊन एकदम खाली पडणारा) सेकंदाला १ वेळा. आठ पायऱ्या चढतात, परत खाली, तीच आठ, कायम. रँडमचा मागमूस नाही. आता एलएफओ किंचित हलवा, १.०५ करा. प्रत्येक फेरीला पायऱ्या थोड्या सरकतात, क्वांटायझर लावला असेल तर आधी एक स्वर बदलतो, मग दुसरा, ओळ ओळखीची राहते पण हळूहळू दुसरीच होत जाते. आणि आता एलएफओ ८.१ वर न्या, क्लॉकच्या जरासा पुढं. पुढच्या प्रत्येक पल्सला सॉ जवळजवळ तिथंच सापडते, फक्त थोडी वर, म्हणून आऊटवर एकच लांब जिना दिसतो, दहा सेकंदाचा. ७.९ केलं की तोच जिना उतरायला लागतो. ट्यूबलाईटखाली पंख्याची पाती कधी सावकाश पुढं कधी उलटी फिरताना दिसतात ना, तसंच. डिजिटल रेकॉर्डिंगवाले ज्याला एलियासिंग म्हणून टाळतात ते इथं आपलं हत्यार आहे.

तेच ऑडिओवर करायचं तर इनला आख्खा आवाज द्या आणि ट्रिगरला वेगात चालणारा ऑसिलेटर. त्याचा वेग आवाजातल्या सुरांच्या दुपटीच्या खाली आला की खोटे सूर उमटायला लागतात, कर्कश, काचेसारखे. पेटीवर नको, ढोलकीवर करून बघा.

क्वांटायझर कुठं लावायचा ह्यावर पण एक सांगतो, इचलवाल्या भावाच्या कामाचं. होल्डच्या पुढं क्वांटायझर लावला तर थोडीशी घसरण तो झाकून टाकतो, कारण तो जवळच्या स्वरालाच चिकटून राहतो. पण घसरण जास्त असली तर मधेच एकदम खालच्या स्वरावर उडी मारतो, आणि ते सावकाश घसरण्यापेक्षा जास्त खटकतं. म्हणून आधी गळती बंद करायची, क्वांटायझरच्या भरवशावर राहायचं नाही.

इचल_लूम | शुक्रवार, रात्री ९:४०

झालं! पिन ५ वर घेतलं, तिन्ही पाय हवेत जोडले, अल्कोहोलनं धुतलं. गार झाल्यावर मोजलं तर सेकंदाला ६ मिलिव्होल्ट. बाहेर धो धो पाऊस चालू असताना मोजलंय. ताईंनी सांगितलं तसं तानपुऱ्याशी लावून पण ऐकलं, ठोक्यापुरतं काही कळत नाही. सोल्डरकाका, लई उपकार. आता त्याच बोर्डावर आणखी दोन होल्ड बांधायचेत, तिघांना एकामागं एक जोडून एकच ओळ तीन ऑसिलेटरवर मागंपुढं वाजवायची आहे. पण व्हीसीव्हीवर तीन वेगवेगळे होल्ड साखळीनं जोडून बघितलं तर काही मॉड्यूलांत बरोबर चालतं, काहींत तिन्हीवर एकच नोट येते. असं का?

कळंबा_कॉलेज | शुक्रवार, रात्री १०:०५

तिन्हीला एकच क्लॉक देतोयस का?

इचल_लूम | शुक्रवार, रात्री १०:०८

हो, एकच.

पंचगंगा_पॅच | शुक्रवार, रात्री १०:५०

मग हार्डवेअरवर तर नक्की एकच नोट येणार. तिन्ही स्विच एकाच वेळी जोडले जातात, पल्स मिलिसेकंदाचा, कपॅसिटर काही मायक्रोसेकंदात भरतो, म्हणजे पहिल्यानं घेतलेलं नवं व्होल्टेज त्याच पल्समधे दुसऱ्यातनं तिसऱ्यात सरळ निघून जातं. जुनं व्होल्टेज पुढं द्यायला वेळच मिळत नाही.

उलट्या क्रमानं ट्रिगर दे. क्लॉक सरळ तिसऱ्याला, तो दुसऱ्याकडचं जुनं घेईल. मग दोन मिलिसेकंदांनी दुसऱ्याला, तो पहिल्याकडचं जुनं घेईल. मग आणखी दोन मिलिसेकंदांनी पहिल्याला, तो नवीन घेईल. पल्स एक मिलिसेकंदाचे ठेव म्हणजे एकमेकांवर चढणार नाहीत. चार मिलिसेकंदांचा फरक कानाला कळत नाही. पहिला ऑसिलेटर आत्ताची नोट, दुसरा मागच्या ठोक्याची, तिसरा त्याच्या मागच्या ठोक्याची. सर्ज मॉड्युलरमधे १९७० च्या दशकातच हे एका मॉड्यूलमधे होतं, ॲनालॉग शिफ्ट रजिस्टर नावानं.

एक ध्यानात ठेव, व्होल्टेज तीन कपॅसिटरमधनं जाणार म्हणजे प्रत्येकाची घसरण आणि प्रत्येक स्विचचा धक्का तिसऱ्यापर्यंत साठत जाणार. सेकंदाला ६ मिलिव्होल्ट आणि अर्ध्या सेकंदाचा क्लॉक असला तर तिसऱ्या आवाजाची नोट संपता संपता जवळपास ९ मिलिव्होल्ट, म्हणजे ११ सेंट उतरलेली. म्हणून तिन्ही १०० नॅनोचे पॉलिप्रॉपिलीनच घाल.

सूरपेटी | शुक्रवार, रात्री ११:१५

तिन्ही आवाज तयार झाले की नॉईज लावू नका, मी पेटीवर एक साधी ओळ वाजवते, तिचं व्होल्टेज करता येत असेल तर ती द्या इनला. चलन माझं, मागं राहायचं काम तुमच्या मशीनचं.

सोल्डर_उद्यमनगर | शुक्रवार, रात्री ११:३२

करता येतं ताई. पेटीचा पिच पकडून व्होल्टेज करणारं मॉड्यूल लागेल, ते एका वेळी एकच सूर ओळखतं, म्हणून ओळ एकेरी सुरात वाजवा, भात्याचा श्वास मोठा नको, आणि प्रत्येक सूर नीट बसल्यावरच पुढं जा. ट्रिगर तुमच्या पायाखाली बटणाचा देतो, म्हणजे कधी पकडायचं ते पण तुम्हीच ठरवा. पॅनेल दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमचं उद्यमनगरातनं कापून आणतो, १२८.५ मिलिमीटर उंच, रुंदी किती एचपी (पॅनेलच्या रुंदीचं माप) ठेवायची ते इचलवाल्यानं बोर्ड मोजून सांगावं.